आधी मोजा, मग बेस लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या तंत्रज्ञानाच्या पानावर मोबाइल, लॅपटॉप, वायफाय याबद्दल नेहमी येतं आणि चांगलंच येतं. पण मोठ्या ऑफिसात, हॉस्पिटलात, गोडाऊनमध्ये माणसं दिवसभर जो कॉर्डलेस फोन कमरेला लावून फिरतात त्याबद्दल कधीच काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. मी हे फोन बसवायचं काम करतो आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तोच प्रकार बघतो, म्हणजे आधी खरेदी होते, बॉक्स येऊन पडतात, बेस (म्हणजे हँडसेटशी रेडिओवरून बोलणारा डबा) भिंतीवर चढतात आणि मग लोक शोधत बसतात की आवाज कुठे तुटतोय. सिग्नलचं मोजमाप आधी आणि खरेदी नंतर, एवढं जरी पाळलं तरी निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत असं माझं ठाम मत आहे.

या फोनचं तंत्र म्हणजे डेक्ट. युरोपात १९९२ साली त्याचं स्टँडर्ड आलं आणि अजूनही बोलण्यासाठी त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही असं मला वाटतं. युरोपात ते १८८० ते १९०० मेगाहर्ट्झमध्ये चालतं, अमेरिकेत १९२० ते १९३० मध्ये, त्यामुळे वायफायची आणि याची टक्करच होत नाही. (म्हणूनच दुसऱ्या देशातून कुणी स्वस्तात सेट आणून देतो म्हणाला तर आधी आपल्याकडे कुठला बँड मान्य आहे ते बघा, चुकीच्या बँडचा सेट मोबाइल कंपन्यांच्या सिग्नलमध्ये लुडबुड करू शकतो.) युरोपच्या बँडमध्ये १० कॅरिअर (म्हणजे वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी) असतात, प्रत्येकावर वेळेचे तुकडे पाडलेले, दर १० मिलिसेकंदाची एक फ्रेम, फ्रेमचे २४ स्लॉट, त्यातले १२ बेसकडून हँडसेटकडे आणि १२ उलट दिशेने, म्हणजे एका कॅरिअरवर १२ जोड्या, असे १० कॅरिअर मिळून १२० चॅनेल होतात. कॉल लागला की त्याचा स्लॉट त्याच्यासाठी राखून ठेवलेला असतो, शेजारी कुणी मोठी फाइल डाउनलोड करतंय म्हणून तुमचा आवाज अडकत नाही. कुठलं चॅनेल घ्यायचं हेही हँडसेट आजूबाजूला ऐकून स्वतःच ठरवतो, आपल्याला कागदावर फ्रीक्वेन्सी वाटत बसावं लागत नाही.

रेडिएशनचं काय, हे हमखास विचारतात, तर तेही सांगून टाकतो. हँडसेटची ताकद जास्तीत जास्त २५० मिलिवॉट, पण तो २४ पैकी एकाच स्लॉटमध्ये बोलतो म्हणून सरासरी १० मिलिवॉटच्या आसपास पडते.

आता मुद्द्याचं. एक बेस आत साधारण ५० मीटर आणि उघड्यावर ३०० मीटरपर्यंत जातो असं डब्यावर लिहिलेलं असतं आणि लोक ते ५० मीटर धरून नकाशावर गोल काढतात. इमारतीला ते गोल माहीत नसतात. लिफ्टचा डक्ट, सळयांनी भरलेली काँक्रीटची भिंत, लोखंडी कपाटांची रांग, जिन्याचं जाड फायर डोअर, धातूचा मुलामा दिलेली काच, यातलं एक जरी मध्ये आलं तरी ५० चे १५ होतात. ऑफिस मग दुसरा बेस घेतं, तिसरा घेतं, आणि इथेच सगळ्यात मोठा घोटाळा होतो, कारण घेतात ते साधे सिंगल बेस, प्रत्येक मजल्याला एक. हँडसेट एकापेक्षा जास्त बेसवर रजिस्टर करता येतो हे खरं, पण चालू कॉलमध्ये तो एका बेसवरून दुसऱ्यावर जात नाही. माणूस बोलत बोलत जिना चढला की कॉल कट. परत लावायचा, परत सांगायचं की हो हो कट झाला होता. एका हॉस्पिटलात सिस्टरना मी कायम खिडकीपाशी उभं राहून बोलताना बघायचो, पेशंट आतल्या खोलीत आणि फोन फक्त पॅसेजच्या एका टोकाला चालणार, आणि सगळ्यांनी ते जणू असंच असतं म्हणून मान्य करून टाकलेलं. असं काही नसतं हो. मल्टिसेल सिस्टिम याच कामासाठी बनवलेली आहे.

मल्टिसेलमध्ये सगळे बेस मिळून एकच नेटवर्क होतं, त्यांच्या वर एक मॅनेजर असतो (कधी तो वेगळा डबा असतो, कधी त्या बेसपैकीच एक ती जबाबदारी घेतो), तो तुमच्या पीबीएक्सला (ऑफिसच्या टेलिफोन एक्स्चेंजला) एसआयपीने, म्हणजे नेटवर्कवरून कॉल लावायच्या पद्धतीने, जोडलेला असतो आणि चालता चालता हँडसेट जवळचा बेस पकडतो, बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. याला हँडओव्हर म्हणतात. पण त्यासाठी सगळ्या बेसच्या फ्रेम एकाच तालात चालायला लागतात, नाहीतर नव्या बेसचा स्लॉट नेमका कुठल्या क्षणी सुरू होतोय हे हँडसेटला पकडता येत नाही. हा ताल म्हणजे सिंक. आणि माझ्या अनुभवात दहातल्या आठ बिघडलेल्या ठिकाणी गडबड सिंकचीच निघते.

बहुतेक ठिकाणी सिंक हवेतून होतं. एक बेस मास्टर, त्याला ऐकणारे दुसऱ्या पातळीचे, त्यांना ऐकणारे तिसऱ्या पातळीचे, अशी साखळी. म्हणजे हँडसेटला बेस ऐकू आला एवढ्याने भागत नाही, बेसला बेस ऐकू यायला हवा आणि तोही नीट. कंपनीप्रमाणे आकडा थोडा बदलतो, पण बेस ते बेस साधारण उणे ७० ते उणे ७५ डीबीएमच्या (डीबीएम हे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) वरच सिग्नल हवा. आकडा उणे असल्यामुळे लोक गोंधळतात, उणे ६० हा उणे ७० पेक्षा चांगला, आणि १० चा फरक म्हणजे ताकद थेट दहावा हिस्सा. त्यामुळे बेस दूरदूर ठेवून कमी बेसमध्ये काम भागवायला गेलं की मजले कव्हर झालेले दिसतात, हँडसेटवर दांड्या पूर्ण, आणि तरी कॉल तुटतात, कारण दोन बेस एकमेकांना जेमतेम ऐकतायत. मास्टर इमारतीच्या मधोमध ठेवा, कोपऱ्यातल्या सर्व्हर रूममध्ये नको. तिथे वायर सोपी पडते म्हणून सगळे तिथेच ठेवतात आणि साखळी उगाच लांबत जाते. शिवाय प्रत्येक बेसला सिंक घ्यायला दुसरा एखादा पर्यायी बेस ऐकू येईल असं बघा, मधला एक बंद पडला तर त्याच्यापुढची सगळी रांग लटकायला नको.

हवेतून जमतच नसेल, म्हणजे दोन इमारती किंवा मध्ये जाड भिंतींचं तळघर, तर लॅनवरून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या वायरींवरून, सिंक करायची सोय काही सिस्टिममध्ये असते, आयईईई १५८८ म्हणून घड्याळं जुळवायचा जो प्रोटोकॉल आहे त्याने. पण मग नेटवर्क चांगलं हवं, पॅकेट कधी लवकर कधी उशिरा पोचायला लागली की सिंक सुटतं. साध्या टेबलावरच्या नेटवर्क स्विचांची माळ लावून हे चालेल अशी आशा धरू नका.

सर्व्हे कसा करतात ते सांगतो, कारण ऑफिसातल्या माणसालाही तो समजायला हवा, म्हणजे समोरचा नुसताच हातात टेप घेऊन फिरतोय का खरंच मोजतोय हे कळेल. एक बेस उंच स्टँडवर बांधतात, तो जिथे लागणार त्याच उंचीवर, बॅटरीवर चालणारा. मग मोजणीच्या मोडमधला हँडसेट घेऊन चालायचं. स्क्रीनवर डीबीएमचा आकडा सारखा हलत असतो, चालताना तो कानाशी धरायचा, छातीशी धरायचा, पाठ बेसकडे करून बघायचं, कारण आपलं शरीरही सिग्नल अडवतं आणि प्रत्यक्षात कुणी फोन हवेत उंच धरून बोलत नाही. उणे ६५ च्या आसपास आकडा गेला की तिथे नकाशावर खूण करायची, दार उघडं असताना आणि बंद असताना वेगवेगळी. मला एक पॅसेज आठवतो, दार उघडं असताना उणे ५८, फायर डोअर लागलं की उणे ७४, आणि हे दार दिवसभर बंदच असायचं. उघड्या दाराने मोजून कुणी गेलं असतं तर तो सगळा विभाग मुका राहिला असता. खुणा संपल्या की पुढच्या बेसची जागा ठरते, तीही अशी की दोघांचे भाग चांगले एकमेकांवर चढले पाहिजेत, चालणाऱ्या माणसाला एका बेसमधून दुसऱ्यात जायला काही पावलं तरी मिळायला हवीत. जिना आणि लिफ्टची लॉबी मी कधीही सोडत नाही, लोक सगळ्यात जास्त बोलत तिथेच चालतात. आणि मोजणी माणसं कामावर असताना, रॅक भरलेले असताना करा, रिकाम्या गोडाऊनचा आकडा भरलेल्या गोडाऊनला उपयोगाचा नाही.

बेस फॉल्स सीलिंगच्या वर लपवू नका. दिसायला छान, पण तिथे एसीचे पत्र्याचे डक्ट असतात आणि बेस त्यांच्यामागे जाऊन बसतो.

कव्हरेज झालं की गर्दीचा हिशोब. एका बेसवर एका वेळी साधारण ८ ते १० कॉल चालतात, आणि एचडी आवाज चालू केला की तो जास्त जागा खातो, मग साधारण निम्मे. हँडसेट ६० रजिस्टर झाले म्हणजे ६० जण एकदम बोलू शकतील असं अजिबात नाही. सपोर्टची टीम बसते त्या हॉलमध्ये एका बेसने कव्हरेज मिळत असलं तरी दोन-तीन लावावे लागतात, आणि हँडओव्हरलाही नव्या बेसवर जागा रिकामी लागते हे विसरतात, बेस भरलेला असेल तर त्या हॉलमध्ये शिरणाऱ्याचा कॉल तिथेच अडतो. रिपीटरबद्दल (बेसचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा) एवढंच म्हणेन की तो जागा वाढवतो, कॉल वाढवत नाही, मूळ बेसचेच स्लॉट खातो. एखादा एकटा कोपरा असेल, वायर नेताच येत नसेल, तिथे ठीक. अख्खा मजला रिपीटरवर चालवायला देऊ नका.

लॅनकडे वळायचं तर बेसला पीओईने, म्हणजे नेटवर्कच्याच वायरीतून, वीज मिळते, एकच वायर, सोय चांगली. पण मग लाइट गेले की स्विचही गेला आणि त्याच्याबरोबर सगळे फोन गेले, त्यामुळे स्विच यूपीएसवर हवाच, हॉस्पिटलात तर हा विषय चर्चेचाही नाही. आवाजासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच वायरींवर वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग) करा, सगळे बेस एकाच सबनेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या एकाच गटात ठेवा, बऱ्याच सिस्टिम मल्टिकास्टने (एकाने पाठवलेलं एकदम अनेकांना पोचतं ती पद्धत) आपापसात बोलतात आणि स्विचमध्ये ते अडलं की बेस मॅनेजरला दिसत असतो पण हँडओव्हर होत नाही. आयटीवाल्यांना हे पहिल्या मीटिंगलाच बोलवा. बेस लागून झाल्यावर बोलावलं तर दोन्ही बाजू एकमेकांकडे बोट दाखवत बसतात, आणि मधल्या मधे रिसेप्शनवरची मुलगी शिव्या खाते, जिचा यात काडीचा संबंध नाही.

सुरक्षेचंही लिहायला हवं. २००८ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत संशोधकांनी लॅपटॉपच्या एका साध्या कार्डाने एन्क्रिप्शन बंद असलेले डेक्ट कॉल ऐकून दाखवले होते. तेव्हापासून मी एन्क्रिप्शन चालू आहे ना हे प्रत्येक ठिकाणी स्वतः उघडून बघतो. रजिस्ट्रेशनचा पिन ०००० ठेवून जाणारे अजूनही आहेत. तो बदला, मॅनेजरचा पासवर्ड बदला, आणि हँडसेट जोडून झाले की रजिस्ट्रेशन मोड बंद करा.

आता माझी विनंती, आणि ती तुमच्या वाचकांतल्या त्या लोकांना आहे जे ऑफिससाठी कोटेशन मागवतात, टेंडर लिहितात. त्यात फक्त "बेस इतके, हँडसेट इतके" असं लिहिलेलं असतं. बेस किती लागतील हे सर्व्हेशिवाय कुणालाच सांगता येत नाही, मग समोरचा अंदाजाने कमीत कमी लिहितो कारण काम सगळ्यात कमी आकड्याला मिळणार असतं, आणि जो प्रामाणिकपणे मोजून जास्त बेस लिहितो तो बाहेर पडतो. हे मला फार लागतं, कारण नंतर त्या इमारतीत रोज काम करणाऱ्यांना कुणी विचारत नाही. सर्व्हेचं काम वेगळं काढा, त्याचे पैसे वेगळे द्या, आणि त्याचा नकाशा, आकड्यांसकट, तुमच्या मालकीचा ठेवा. मग त्या नकाशावर कोटेशन मागवा. आणि शेवटचं बिल देण्याआधी करारात चालण्याची चाचणी लिहून घ्या, म्हणजे दोन माणसं, कॉल चालू, तळमजल्यापासून शेवटच्या मजल्यापर्यंत, जिन्याने वर आणि लिफ्टच्या लॉबीतून खाली, सगळी दारं बंद, एकही कट नाही. चाचणीच्या वेळी मॅनेजरच्या स्क्रीनवर प्रत्येक बेसची सिंकची पातळी आणि आकडा दिसतो, त्याचा फोटो फाइलला लावा. वर्षभराने कुणी मध्ये पार्टिशन टाकलं किंवा कपाटं हलवली आणि आवाज तुटायला लागला, तर काय बदललं हे त्या फोटोशेजारी नवा आकडा ठेवून लगेच दिसतं.

जागा असेल तर हे पत्र पूर्ण छापावं, कापायचंच असेल तर चाचणीचा भाग तेवढा राहू द्यावा.

आपला,
कॉर्डलेस फोन बसवणारा एक वाचक