पॅनेल नीट लावूनच संगणक द्या

महोदय,

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला. म्हणून जुन्या संगणकांवर विंडोजऐवजी एक्सएफसीई डेस्कटॉपचे (म्हणजे पडद्यावरच्या मांडणीचे) लिनक्स ही दुसरी प्रणाली टाकून देणाऱ्यांना कळकळीची विनंती, पॅनेल, म्हणजे पडद्याच्या कडेची घड्याळ-बटनांची पट्टीही, नीट लावून द्या.

विंडो बटन्सनंतरचा (उघड्या खिडक्यांच्या बटनांनंतरचा) सेपरेटर, म्हणजे मधली जागा राखणारा घटक, निघाला की घड्याळ डावीकडे सरकते आणि नवखा माणूस गोंधळतो. पॅनेल प्रेफरन्सेसमधील (पॅनेलच्या सेटिंग्जमधील) आयटम्समध्ये सेपरेटर परत घालून त्याचा ‘एक्स्पांड’ चालू करा, घड्याळ उजव्या कडेला जाते. पडद्याची उंची कमी असेल तर पॅनेल डावीकडे न्यावे, पण मोड ‘डेस्कबार’च हवा, ‘व्हर्टिकल’मध्ये अक्षरे उभी फिरतात, वाचताना मान वाकडी होते. मग ‘लॉक पॅनेल’ करा, नाहीतर पॅनेलच्या टोकाचे हँडल चुकून ओढले जाऊन पॅनेल भलतीकडे जाते. मराठी टंकणाऱ्यांना कीबोर्ड लेआउट्सचे प्लगइनही (पॅनेलवरून टंकनाची भाषा बदलण्याचे बटन) द्यावेच.

– एक वाचक, पुणे