पर्यटक मोजताय तर रात्रीही मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

2024 मध्ये गोव्यात एक कोटीच्या वर पर्यटक आले, ही बातमी सगळीकडे आनंदाने छापून आली. मलाही बरंच वाटलं, कारण मोरजीला आमच्या घरच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते आणि त्याच पैशांवर मुलीचं कॉलेज झालंय. त्यामुळे पर्यटक नकोत असं सांगायला हे पत्र नाही. मला बोलायचंय ते मोजण्याबद्दल. आपण नुसती डोकी मोजतो. माणूस कशाने आला आणि किती रात्री राहिला हे कोणी विचारत नाही, आणि हवामानाचा हिशेब बराचसा त्या दोन प्रश्नांतच आहे.

आमच्या तेंबवाड्याच्या किनाऱ्यावर दर हंगामात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. अंड्यांना साधारण पन्नास दिवस वाळूची ऊब लागते आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या उबेवरच ठरतं, 29 अंशांच्या आसपास असेल तर दोन्ही होतात, त्याहून बरीच वाढली तर जवळजवळ सगळ्या माद्याच. मार्चमध्ये दुपारी मी एका घरट्यापाशी गेले होते, बांबू रोवून जाळी लावली होती आणि शंभरेक पावलांवर डेक बेडची रांग. चप्पल काढून वाळूत पाय ठेवला तर ठेववेना. घरटं हात-दीड हात खोल असतं म्हणून वरचा चटका तिथे पोचत नाही, पण ऊब पोचते, आणि ती वर्षानुवर्षं वाढत राहिली तर काय होईल याची मला खरंच काळजी वाटते.

आगरवाड्याच्या मिठागराचंही तेच. 2025 च्या मे महिन्यात विसाव्या तारखेच्या सुमाराला जो पाऊस लागला तो लागलाच, आणि त्यातच मान्सूनही दहा-बारा दिवस आधी येऊन ठेपला. आमच्या ओळखीच्या एका मिठवाल्याचे ढीग बांधावर तसेच विरघळले, झाकायलाही वेळ मिळाला नाही त्याला. "औंदा मीठ ना," एवढंच म्हणाला. एका वर्षाच्या पावसावरून निष्कर्ष काढू नये हे मला कळतं. पण 2019 ला ऑक्टोबर संपताना क्यार चक्रीवादळ, 2021 ला मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ आणि दोनच महिन्यांनी सत्तरी तालुक्यात म्हादई नदीचा पूर हे सगळं आपण बघितलंय, आणि अरबी समुद्र तापल्यामुळे वादळांचा जोर वाढतोय हे हवामानाचे अभ्यासकही सांगतात.

आता हिशेब. दिल्ली ते गोवा हवाई अंतर साधारण 1500 किलोमीटर. जाऊन-येऊन माणशी अडीचशे ते तीनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या देशात माणशी वर्षाला सरासरी 2 टन धरतात, म्हणजे या एका ट्रिपमध्ये दीड महिन्याचा वाटा संपला. एवढं करून पाहुणा राहतो किती, तर शुक्रवारी रात्री येऊन रविवारी परत. म्हणजे दर रात्रीमागे सव्वाशे-दीडशे किलो! मॉस्कोहून येणाऱ्याचं अंतर तिपटीहून जास्त, त्याचा एकूण धूर टनाच्या आसपास जातो आणि तो अर्थातच कमी नाही, पण तो दोन आठवडे राहिला तर रात्रीमागे सत्तर-पंचाहत्तर किलो पडतात. हे गणित मांडल्यावर मी स्वतःच चकित झाले. काही जण म्हणतात जगाच्या एकूण कार्बनमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्केच आहे, मग एवढं काय. पण जगातली बहुसंख्य माणसं वर्षभरात एकदाही विमानात बसत नाहीत, हा वाटा थोड्याच लोकांचा आहे, आणि विमानांमागे आकाशात ज्या पांढऱ्या रेषा राहतात त्याही उष्णता अडवतात, ते वेगळंच.

2023 च्या जानेवारीपासून मोपाचा विमानतळ सुरू झाला, तो आमच्याच तालुक्यात. दोन दिवसांचे पाहुणे तेव्हापासून माझ्याकडे खूप वाढले. दर दोन दिवसांनी चादरी धुवायच्या, एसी चोवीस तास चालू (आणि गोव्याची वीज बहुतेक बाहेरून येते, त्यात कोळशाची भरपूर), एप्रिलमध्ये पाण्याचा टँकर मागवायचा. खोली भरलेली दिसते पण हातात उरतं कमीच.

याउलट फेब्रुवारीत ठाण्याचं एक रिटायर्ड जोडपं आलं होतं, रेल्वेने, नऊ रात्री राहिलं. कोकण रेल्वे 2022 पासून पूर्ण विजेवर आहे, गाडीने येणाऱ्याचा कार्बन विमानाच्या मानाने अगदीच थोडा. दोघं सकाळी चालत बाजारात जायची, तिथूनच मासे, भाजी, पाव आणायची, गावातल्या चार माणसांना दोन पैसे मिळाले. पण पेडणे स्टेशनपासून मोरजीपर्यंत टॅक्सीला त्यांनी जेवढे दिले तेवढ्यात दोघांची रेल्वेची तिकिटं येऊनही पैसे उरले असते. पहाटे उतरलेल्या माणसाला सामान घेऊन दुसरं मिळणार तरी काय? मग लोक विमानाकडे वळले तर त्यांना दोष कसा द्यायचा.

म्हणून माझं सरकारला कळकळीचं सांगणं आहे की पेडणे आणि थिवी स्टेशनवर गाड्यांच्या वेळा धरून मोरजी, मांद्रे, हरमलकडे बस सोडा, रात्री-पहाटेच्या गाड्यांनाही. आणि दरवर्षी पर्यटकांचा आकडा जाहीर करता त्यात दोन रकाने वाढवा, किती जण रेल्वे-बसने आले आणि सरासरी किती रात्री राहिले. हॉटेलवाल्यांकडे आणि आमच्यासारख्या घरवाल्यांकडेही पाहुण्यांची नोंद असतेच. जास्त दिवस राहणाऱ्याला थोडी सवलत द्यायला मी तयार आहे, सरकारनेही काहीतरी द्यावं.

ठाण्याचं ते जोडपं येत्या जानेवारीत परत येतंय, या वेळी पंधरा रात्री. स्टेशनवरून आणायला भाच्याला रिक्षा घेऊन पाठवणार आहे. तोपर्यंत बस सुरू झाली तर बसनेच या म्हणून कळवीन.

आपली,
एक वाचक, मोरजी, पेडणे