लॉ सीईटीची माहिती तालुक्याच्या पोरांपर्यंत वेळेत पोचू दे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी जतला कोर्टाच्या बाहेर टायपिंगचं काम करते, १९ वर्षं झाली, आधी मशीनवर आणि आता कॉम्प्युटरवर, दावे, कैफियती, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं, वारसाचे अर्ज, सगळं मराठीतून. आपला पेपर रोज घेते. तुमच्याकडे नीट, जेईई, एमपीएससीची पानंच्या पानं येतात ती मी बारकाईने वाचते, पण लॉच्या प्रवेश परीक्षेबद्दल निकाल लागल्यावरची एक छोटी बातमी सोडली तर काही दिसत नाही, म्हणून हे पत्र. जरा लांब झालंय पण सगळं वाचावं ही विनंती.

माझ्या लेकीला यंदा बारावी आर्ट्सनंतर पाच वर्षांच्या लॉला कोल्हापूरला ॲडमिशन मिळाली. मिळाली खरी, पण ती मिळण्याआधी आमचं वर्ष कसं गेलं ते आमचं आम्हाला माहीत. आणि त्यात अभ्यास अवघड होता म्हणून त्रास झाला असं फार थोडं आहे, बहुतेक सगळा त्रास माहिती उशिरा कळली म्हणून झाला.

तिला लॉ करायचंय हे दहावीपासून ठरलेलं. लहानपणापासून डबा घेऊन माझ्या टेबलाशी बसायची, पक्षकार बघायची, तारखा ऐकायची. पण लॉला जायला परीक्षा द्यावी लागते, ती कधी असते, फॉर्म कधी निघतो हे ना तिच्या कॉलेजात कुणी सांगितलं ना मला कधी कुणाला विचारायचं सुचलं, आणि मी तर दिवसभर वकिलांमध्येच बसलेली असते. २०२४ च्या सप्टेंबरात एक वकील अर्ज टाईप करून घ्यायला आले, लेक शेजारी बसलेली, त्यांनी सहज विचारलं बारावीनंतर काय, ही म्हणाली लॉ, तर ते म्हणाले अगं मग क्लॅटचा फॉर्म भरलास का, महिन्याभरात बंद होतोय. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं. तिच्या वर्गात ऐंशीच्या आसपास पोरं, त्यातल्या एकानेही हे नाव ऐकलेलं नव्हतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. दोन वेगळ्या परीक्षा आहेत. क्लॅट ही देशभरातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांची, महाराष्ट्रात अशी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विद्यापीठं आहेत आणि तिथं राज्यातल्या पोरांसाठी राखीव जागा पण असतात. क्लॅटचा फॉर्म जुलै-ऑगस्टमध्ये निघतो, परीक्षा डिसेंबरात म्हणजे बारावीच्या बोर्डाच्या आधीच होऊन जाते, खुल्या गटाला आणि ओबीसीला ४००० रुपये फी. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव मार्क कट, आणि सगळं इंग्रजीत, साडेचारशे शब्दांचे उतारे वाचून त्यावर प्रश्न. दुसरी आपल्या राज्याची एमएच सीईटी लॉ, ही २०१६ पासून सुरू आहे. फॉर्म साधारण डिसेंबर-जानेवारीपासून, परीक्षा उन्हाळ्यात, कॉम्प्युटरवर. पाच वर्षांच्या कोर्सला बारावीला खुल्या गटाला ४५ टक्के, ओबीसीला ४२ आणि एससी-एसटीला ४० लागतात. इथं निगेटिव्ह मार्किंग नाही आणि इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतून पण दिसतात. तीन वर्षांचा लॉ पदवीनंतरचा, त्याची सीईटी वेगळी, आणि त्याला वयाची अट नाही हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

क्लॅट तिने दिली, पुण्याला जाऊन, १ डिसेंबर २०२४ ला. दोन महिन्यांची तयारी आणि जन्मभर मराठीतून शिकलेली पोरगी, पहिलाच उतारा दोनदा वाचायला लागला आणि शेवटचे वीस-बावीस प्रश्न बघायचेच राहिले. बाहेर आली तेव्हा चेहरा उतरलेला. मी काही बोलले नाही, स्वारगेटला चहा घेतला आणि एसटीत बसलो. पुढं त्या परीक्षेच्या काही उत्तरांवरून आधी दिल्ली हायकोर्टात आणि मग थेट सुप्रीम कोर्टात प्रकरण गेलं, मे २०२५ मध्ये निकाल झाला, तोवर देशभरातली पोरं लटकलेली. क्लॅट प्रादेशिक भाषांमध्येही घ्यावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली हायकोर्टात याचिका झालीय, ती मागणी मला मनापासून पटते. कारण माझी लेक कायद्यात कमी नव्हती, तिला ते इंग्रजी तेवढ्या वेळात वाचून होत नव्हतं.

आणि शब्दांचं म्हणाल तर एक प्रसंग सांगते. सरावाच्या प्रश्नात कन्सिडरेशन शब्द आला. तिने डिक्शनरी बघून अर्थ लावला विचार. म्हणजे विचार नसलेला करार रद्द होतो असं तिने लिहिलं आणि उत्तर चुकलं, का चुकलं ते काही केल्या कळेना. मी तेव्हा एक खरेदीखत टाईप करत होते, त्यातली ओळ तिला दाखवली, सदर मिळकतीचा मोबदला रक्कम रुपये अमुक अमुक. म्हटलं हे बघ, हेच ते, मोबदला, काहीतरी घेतल्याशिवाय दिलेलं वचन कोर्ट धरत नाही. एका मिनिटात कळलं तिला. दुसऱ्यांदा उलटं झालं, मराठी प्रश्नातच अडली. अज्ञान व्यक्तीशी केलेला करार वैध आहे का असा प्रश्न, ही म्हणाली अडाणी माणसाशी केलेला करार का चालणार नाही, चाललाच पाहिजे, नाहीतर आपल्या आजीने कशावर अंगठाच करायचा नाही का. आता कोर्टात अज्ञान म्हणजे अठरा वर्षांच्या आतला, दाव्यात आम्ही रोज लिहितो, अ.पा.क. आई, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. हे मला माहीत कारण माझी बोटं त्यातच गेली, पण जतच्या वाडीवस्तीवरच्या ज्या पोराची आई टायपिस्ट नाही त्याला कोण सांगणार? अज्ञानाशी केलेला करार मुळातच शून्य हे १९०३ सालापासून ठरलेलं आहे आणि सीईटीला असले प्रश्न नेहमीचे आहेत.

लीगलचे प्रश्न मुळात पाठांतराचे नसतातच. वर एक तत्त्व देतात, खाली एक प्रसंग. तत्त्व असं की जो माणूस धोका माहीत असून स्वतःहून पत्करतो त्याला नंतर भरपाई मागता येत नाही. प्रसंग म्हणजे समजा कुस्तीच्या फडात पैलवानाचा खांदा निखळला, कुस्ती नियमाने झाली, आता समोरच्या पैलवानाने भरपाई द्यायची का. लेक म्हणाली द्यायला पाहिजे, बिचाऱ्याचा हात गेला. आमच्यात त्या रात्री तासभर वाद झाला. दया येते ते बरोबर पण प्रश्न विचारतो की वर दिलेलं तत्त्व लागू होतं का. मग मीच म्हटलं, बरं, समोरच्याने माती डोळ्यात टाकून मुद्दाम हात पिरगाळला तर? ती थांबली, म्हणाली आई ते त्याने पत्करलेलंच नव्हतं. त्या रात्रीपासून तिचे लीगलचे मार्क वाढत गेले. एमएच सीईटीत आता १२० पैकी ३२ प्रश्न कायद्याचे, ३२ लॉजिकचे, २४ जीके, २४ इंग्रजी आणि ८ गणिताचे असतात, म्हणजे बोलून, वाद घालून तयार होणारा भाग निम्म्याहून जास्त, त्याला मोठ्या शहरातला महागडा क्लास लागतोच असं नाही.

पण पुस्तकं तरी धड हवीत ना. आम्ही जुनं सेकंडहँड पुस्तक आणलं, ते १५० प्रश्नांच्या पॅटर्नचं निघालं, आणि कायदा सगळा जुना. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं ३०२ होतं ते १०३ झालं, फसवणुकीचं ४२० होतं ते ३१८ झालं, आम्हाला कोर्टाबाहेर हे रोजच्या कामातून कळलं, पण पुस्तकातून शिकणारं पोर जुनंच पाठ करून बसणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागदपत्रं. परीक्षा पास होऊन पोरं इथं मार खातात हे मी डोळ्यांनी बघितलंय. आम्ही ओबीसी. जातीचा दाखला होता, पण वैधता प्रमाणपत्र, म्हणजे तो दाखला तपासून खरा असल्याचं समिती देते ते, काढलेलं नव्हतं. सायन्सच्या पोरांना बारावीतच फॉर्म भरायला सांगतात, आर्ट्सच्या पोरांना कुणी सांगत नाही, कारण ती प्रोफेशनल कोर्सला जातील असं कुणाच्या मनातच येत नाही, हे मला फार लागलं. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, मग हिच्या आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा शोधला, ती शाळा दुसऱ्या गावाला गेलेली, रजिस्टर सापडायला तीन चकरा झाल्या, मग वंशावळ, मग प्रतिज्ञापत्र, मग सांगलीच्या फेऱ्या, एसटीने जायलाच दोन-अडीच तास. त्यात दाखल्यावर बापाचं नाव दत्तात्रय आणि आधारवर दत्तात्रेय. एका मात्रेपायी फॉर्म परत आला आणि मला परत प्रतिज्ञापत्र करायला लागलं. मी लोकांची नावं दिवसभर तपासून टाईप करते आणि माझ्याच घरातलं हे माझ्या लक्षात आलं नाही. नॉन क्रिमीलेयरची मुदत ३१ मार्चला संपते, ती तारीख आधी बघा, कारण ॲडमिशनच्या वेळी सगळ्यांचीच गर्दी होते आणि सर्व्हर बसतो.

आणि ही ॲडमिशन कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, घ्यायला पाहिजे असं का म्हणते तर ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या मुलींची ट्युशन आणि परीक्षा फी प्रोफेशनल कोर्सला पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून आलेल्यांनाच. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला हे माहीत नव्हतं, घाबरून घरच्यांनी आधीच मॅनेजमेंट कोट्यातून पैसे भरले. कर्ज काढून भरलेत. ती आई माझ्याकडे कर्जाचं प्रतिज्ञापत्र टाईप करायला आली होती तेव्हा मला कळलं, काय बोलावं सुचेना.

हे सगळं आत्ताच लिहायचं कारण म्हणजे १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि कोल्हापूर, सहा जिल्ह्यांचं काम तिथं. इतकी वर्षं मुंबईला जाऊन राहायची ऐपत नाही म्हणून आमच्याकडच्या हुशार पोरांनी हायकोर्टाचा विचार केला नाही, आता ते दोन-चार तासांवर आलंय. त्याचं उद्घाटन ज्यांनी केलं ते भूषण गवई साहेब स्वतः अमरावतीला नगरपालिकेच्या शाळेत मराठीतून शिकलेले आणि देशाचे सरन्यायाधीश झाले. खालच्या कोर्टांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. मग मराठीतून शिकलेली, तालुक्याचं बोलणं समजणारी, सातबारा वाचता येणारी पोरं वकील व्हायला नकोत का?

माझं मागणं फार नाही. अकरावीच्या जूनमध्ये ज्युनियर कॉलेजात आर्ट्स-कॉमर्सच्या वर्गावर कुणीतरी अर्धा तास जाऊन हे सांगावं, आणि वैधतेचा अर्ज तेव्हाच भरून घ्यावा. तालुक्याच्या बार असोसिएशनने वर्षातून दोन शनिवार द्यावेत, वकील मंडळी मनाने चांगली आहेत, कुणी म्हटलं तर येतील, माझ्या लेकीला एका वकिलांनीच सांगितलं की. बार्टी, सारथी, महाज्योती या पोरांची परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या सरकारी संस्थांनी लॉ सीईटीला नीट-जेईईच्या बरोबरीने धरावं. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये आयडिया नावाने काम सुरू केलं, गरीब घरातल्या पोरांना क्लॅटची तयारी करून घ्यायची आणि विधी विद्यापीठात पोचवायचं, त्यातून वकील झालेली पोरं आज आहेत, म्हणजे हे होऊ शकतं.

आणि तुमच्याकडे मागणं असं की आठवड्यातून एक अर्धा कॉलम द्या. त्यात एक तत्त्व, एक प्रसंग, उत्तर पुढच्या आठवड्यात, खाली कोर्टातले चार मराठी शब्द आणि त्यांचे इंग्रजी, आणि फॉर्मच्या तारखा चौकटीत. आमच्याकडे ज्या घरात नेट नाही तिथं पण चहाच्या टपरीवर पेपर असतो.

लेकीची सगळी पुस्तकं मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवलीत, कागदपत्रांची यादी मोठ्या अक्षरात टाईप करून मागच्या भिंतीला लावलीय, विचारायला आलेल्याला झेरॉक्स देते. आत्तापर्यंत नऊ जणं आली, त्यात एक अंगणवाडी सेविका आहे, बीए झालेली, ४१ वर्षांची, तिला तीन वर्षांचा लॉ करायचाय. जुन्या पुस्तकात जिथं ३०२ आहे तिथं लेकीने पेनने १०३ करून ठेवलंय, बाकीची कलमं बदलायचं काम संध्याकाळी गिऱ्हाईक नसलं की मी करतेय, नेणाऱ्याने वाचून झाल्यावर परत आणून द्यावं.

आपली नेहमीची वाचक,
कोर्टाबाहेरची एक टायपिस्ट, जत (जि. सांगली)