कौल लावून ऑप्शन एंट्री होत नाही

माननीय संपादक साहेब, नमस्कार.

खानापूरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सेकंड पीयूचा म्हणजे बारावीचा रिझल्ट झाला, सीईटीचे रँक आले की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत दरवर्षी एकच प्रश्न नाना तऱ्हेनं ऐकायला येतो, चुकलं तर? पोरगं विचारत नाही बघा, ते गप मोबाईल बघत असतंय, विचारतात ते आई, वडील, मामा आणि शेजारचा कोणतरी इंजिनिअर झालेला दादा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. केईएची म्हणजे कर्नाटकातल्या परीक्षा प्राधिकरणाची सीट अलॉट झाली की स्क्रीनवर चार चॉइस येतात. पहिला म्हणजे ही सीट बास, घेतो. दुसरा म्हणजे ही ठेवा पण वरची मिळाली तर तीपण बघतो. तिसरा म्हणजे ही नको, पुढच्या राउंडला बसतो, आणि चौथा म्हणजे मला यातून बाहेरच काढा. कॉम्प्युटरला काय, क्लिक केलं की झालं, पण तिसऱ्यावर माउस गेला की घरच्यांचे चेहरे बघवत नाहीत. त्यात आम्ही सीमाभागातले म्हणून आमची डबल पंचाईत, इकडचा फॉर्म आहेच, शिवाय वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रात प्रवेशाची सोय आहे म्हणून काहीजण तिकडचापण भरतात, म्हणजे नुसतं कॉलेज निवडायचं नाही तर राज्यपण निवडायचं आणि पुढं पोटाला कुठली भाषा घालणार तेपण आत्ताच ठरवायचं, सतरा-अठराव्या वर्षी. यातलं काहीच नको असेल त्याला गोव्यात कंपनी, आर्मी भरती नाहीतर बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री.

मग लोक देवाकडे जातात, जाणारच. एका पोरीचे वडील गावच्या देवळात कौल लावूनच आले होते, उजवा कौल पडलाय, कॉम्प्युटर सायन्सच टाका म्हणाले. कौलाला मी नावं ठेवत नाही, आमच्या घरातपण बोअर मारायच्या आधी लावतात. पण कौलाला उजवा आणि डावा, होय आणि नाही एवढंच असतंय ओ, ऑप्शन एंट्रीत पन्नास-साठ कॉलेजांची पसंतीप्रमाणे लाइन लावायची असते ती गुरव कशी लावणार? आणि देवाला विचारलं ते बापानं, बापाच्या मनातला प्रश्न, पोरीला काय पाहिजे ते देवळातपण कोणी विचारलं नाही आणि माझ्या काउंटरवरपण नाही.

माझा मुद्दा इथूनच आहे. हे सगळे घरी गीता असणारे, पारायणाला बसणारे लोक आहेत, पोराला गप्प करायला कर्मण्येवाधिकारस्ते लगेच तोंडात येतं. पण त्याच्या आधीचं जरा वाचा की. दुसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात अर्जुन म्हणतोय की आम्ही जिंकलेलं बरं का त्यांनी जिंकलेलं बरं तेच आम्हाला कळेना झालंय, सातव्यात म्हणतो माझ्या भल्याचं काय ते नक्की करून सांग. कृष्ण सांगायला लागतो तर तिसऱ्या अध्यायात परत तेच, तदेकं वद निश्चित्य, काय ते एक नक्की सांग. पाचव्याच्या पहिल्याच श्लोकात परत, ह्या दोनातलं चांगलं कुठलं ते एकच सुनिश्चित सांग. तीनदा! माझ्याकडे सर तुम्ही एकच सांगा म्हणणारी पोरं आणि अर्जुन यात मला तरी फरक दिसत नाही, आणि तो तर एवढा मोठा धनुर्धर.

एवढं सगळं बोलून झाल्यावर अठराव्या अध्यायात 63 वा श्लोक येतो, विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु. सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर. हा श्लोक पोरासमोर म्हणणारा बाप मला अजून भेटायचाय.

कोणी म्हणेल कृष्ण कुठं न्यूट्रल होता, तो तर सुरवातीपासून लढ म्हणूनच सांगत होता. बरोबर आहे. लोक काय म्हणतील तेपण त्यानं वापरलंय, दुसऱ्याच अध्यायात आहे, तुझी अपकीर्ती होईल, महारथी तुला भ्याला म्हणतील. म्हणजे आई-बापानं मत सांगू नये असं नाही, जोर लावून सांगावं, कारणं द्यावीत, पोरगं परत परत विचारतंय तर न चिडता परत सांगावं (हे अवघड आहे). पण क्लिक त्याचं त्याला करू द्यावं.

उलट श्रेयान्स्वधर्मो विगुणः, म्हणजे दुसऱ्याच्या धर्मापेक्षा आपला धर्म उणा असला तरी बरा, हे मात्र सगळ्यांना पाठ. त्याचा जुना अर्थ वर्णाशी बांधलेला होता हे खरं, ते लपवायचं कारण नाही, पण आज तो श्लोक पोरगीला बीएससी अ‍ॅग्री पाहिजे असताना इंजिनिअरिंग गळ्यात मारायला वापरतात, हे तर जुन्या-नव्या कुठल्याच अर्थात बसत नाही.

आता भीतीचं. भीती खोटी नाही. चुकीच्या ठिकाणी पाय पडला तर सगळंच गेलं असं पोरांना वाटतंय, आणि नेमकं हेच सहाव्या अध्यायात अर्जुनानं विचारलंय, की एका वाटेला लागला आणि मधेच सुटली तर तो माणूस फुटलेल्या ढगासारखा दोन्हीकडनं जातो का? इयर ड्रॉप घेतलेल्या पोराच्या मनात दुसरं काय असतंय? त्याला उत्तर आहे की चांगलं करायला गेलेल्याची दुर्गती होत नाही, आणि दुसऱ्या अध्यायात आधीच सांगून ठेवलंय की या वाटेवर केलेला आरंभ फुकट जात नाही. तिथं विषय योगाचा आहे, डिप्लोमाचा नाही हे मला कळतंय, पण दोन वर्षं केलेला अभ्यास कोर्स बदलला म्हणून डोक्यातून पुसला जात नाही हेपण तेवढंच खरं.

मला स्वतःला सगळ्यात कामाचा वाटतो तो 18 व्या अध्यायातला 48 वा. आगीबरोबर धूर असतोच तसा प्रत्येक कामाच्या सुरवातीबरोबर काहीतरी दोष असतोच, म्हणून आपलं काम सोडू नये. लिस्ट घेऊन बसलेल्या घरांना मी हेच सांगतो. हे कॉलेज लांब, त्याची फी जास्त, तिथं हॉस्टेल नाही, इथं प्लेसमेंट नाही, असं करत सगळी लिस्ट खोडली जाते आणि शेवटच्या दिवशी रात्री सर्व्हर स्लो झाल्यावर जे हाताला लागेल ते टाकतात. दोष नसलेलं कॉलेज पाहिजे असेल तर ते कर्नाटकात नाही आणि महाराष्ट्रातपण नाही.

तरी समजा बिघडलंच. मग घरात तू हट्ट केलास म्हणून असं झालं, हे पुढं दहा वर्षं चालतं. त्याच अध्यायात कुठलंही काम घडायला पाच कारणं सांगितलीत, जागा, करणारा, साधनं, वेगवेगळ्या खटपटी आणि पाचवं दैव. करणारा त्यातला एक. बाकी चारांचं खापर त्या पोरावर कशाला?

आणि पारायणवाल्यांना काय सांगायचं, विठ्ठलपंतांची कथा त्यांनाच जास्त माहीत. संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेनं परत संसारात आले, लोकांनी वाळीत टाकलं, पोरांची मुंज करायला कोणी तयार होईना. त्या काळच्या कुणालाही विचारलं असतं तर चुकीचा निर्णय म्हणूनच सांगितलं असतं, आणि त्याच घरातल्या ज्ञानेश्वरीवर आपण शके 1212 पासून जगतोय. पण त्या आई-बापांनी त्याची किंमत किती मोठी भरली तेपण कथेतच आहे, म्हणून हे उदाहरण मी कुणाच्या पोराला एवढ्या सहज देत नाही.

श्लोकानं फीचा प्रश्न सुटत नाही हेपण सांगतो. ज्याच्या घरी कर्ज आहे त्याची भीती वेगळी, त्याला आधी स्कॉलरशिपचा फॉर्म पाहिजे, प्रवचन नंतर.

म्हणून साहेब, एक विनंती. पेपरात रोज राशिभविष्य येतं, येऊ दे, मीपण वाचतो. पण ॲडमिशनच्या दिवसात त्याच्या शेजारी एक चौकट टाका, त्या चार चॉइसचा अर्थ सोप्या मराठीत, शेवटच्या तारखा, आणि सीमाभागातल्या मुलांनी महाराष्ट्रासाठी कुठले दाखले आधीच काढून ठेवायचे ते. केईएच्या सूचना कन्नड आणि इंग्लिशमध्ये असतात, खेड्यातल्या आईला त्या वाचता येत नाहीत, आणि अर्धी भीती तिथूनच सुरू होते. कात्रणाच्या झेरॉक्स मी फुकट देतो.

आपला,
एक झेरॉक्सवाला, खानापूर, जि. बेळगाव