व्याज बँकेत, मुद्दल पोस्टातच

ती. बाबा आणि आई यांना सा. न.

बाबा, गावचं पोस्ट बंद करून तालुक्याला हलवायचं चाललंय, म्हणून आधीच सांगते, रागावू नका. तुमच्या ज्येष्ठ नागरिक योजनेचं व्याज यापुढे बँकेच्या खात्यात घ्यायचं मी ठरवलंय. फॉर्म भरून पाठवतेय, तुमची सही तेवढी हवी. मुद्दल पोस्टातच राहील. मुदतीआधी मोडलं तर पैसे कापतात, आणि खाती बंद झाली की व्यवहार कमी दिसून पोस्ट बंद करायला आयतं कारण मिळतं, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. म्हणून फक्त व्याज. ८.२ टक्क्यांनी लाखामागे तिमाहीला २,०५० रुपये. पोस्ट तालुक्याला हलवलंच, तर तेवढ्यासाठी तुम्ही जुलैच्या पावसात तरीतून खाडी ओलांडायची आणि एसटीची वाट बघायची, हे मला नको. बँक बाजारपेठेत आहे, आईच्या औषधांच्या दुकानाला लागून.

फॉर्मसोबत रद्द केलेला चेक आणि दोन्ही पासबुकांच्या पहिल्या पानाची झेरॉक्स लावा. नाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. एकीकडे पूर्ण नाव आणि दुसरीकडे नुसती आद्याक्षरं असली की व्याज अडकतं.

पोस्ट वाचवायच्या निवेदनाचं काम मात्र सोडू नका. मुंबईच्या मनीऑर्डरींवर कोकणातल्या चुली पेटल्या, हे खरंच आहे, पण ते शेवटी लिहा. आधी पुढच्या पोस्टापर्यंतचं अंतर, वाडीवार लोकसंख्या, पावसात पाण्याखाली जाणारा साकव. नवं पोस्ट उघडताना डोंगराळ, दुर्गम भागाला लोकसंख्येची आणि उत्पन्नाची अट सैल असते. बंद करतानाही तोच निकष लावा, असं स्पष्ट मागा. पोस्ट केंद्राच्या अखत्यारीत येतं, तेव्हा आमदारांपेक्षा खासदारांकडे जा, लोकसभेत प्रश्न विचारायला लावा. गेल्या तीन वर्षांचे व्यवहार आणि खर्च माहिती अधिकारात मागवा. त्या अर्जाला १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा; कोर्ट फी स्टॅम्प केंद्राच्या खात्याला चालत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. आकडे हातात आले की मगच ग्रामसभेचा ठराव लिहा.

आई, हयातीच्या दाखल्याची काळजी करू नकोस. पोस्टमन घरी येऊन करून देतो, ७० रुपये घेतो. नारळ सोलून सोलून तुझ्या बोटांच्या रेषा झिजल्यात, म्हणून मशीन ठसा घेत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे कर आणि दुसरं बोट लावून बघ. तरी नाही जमलं तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो. त्याच बोटांनी घावन भरवलेस मला, माझी गुणी आई ती. मनाला लावून घेऊ नकोस.

बाबा, सह्या गोळा करायला उन्हाचं फिरायचं नाही. सकाळी, बीपीची गोळी घेऊन, आणि वरच्या वाडीला कुणाच्या तरी गाडीवरूनच. व्याजाचा फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या, दिल्याची पोच घ्या आणि तिचा फोटो मला पाठवा.

तुमची,
बायो