मजुरीचा रकाना

गास, वसई
२७ डिसेंबर २०२५

प्रिय अव्या,

शुभेच्छा फोनवर झाल्याच आहेत, त्या पुन्हा लिहीत नाही. संत्र्यांची पेटी नाताळच्या आदल्या दिवशी मिळाली. तळाची थोडी दबली होती, त्यांचा आईने रस काढला. बाकीची कॅरलवाल्या पोरांनी संपवली. ती दारात गाणी म्हणायला आली होती आणि बाबांनी पेटीच त्यांच्यापुढे ठेवली. तेव्हा आम्हाला किती मिळाली ते विचारू नकोस.

पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी आभाराच्या वळणावर आलो की तुझं लगेच सुरू होतं, ‘बरं ते सोड, नागपुरात काल किती गारठा होता माहितीय का?’ पत्रात तुला ती सोय नाही. निमूट वाच.

आम्हा कॅथलिकांचं हे ज्युबिलीचं वर्ष. दर पंचवीस वर्षांनी येतं. गेल्या वर्षी २४ डिसेंबरला पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिराचं पवित्र दार उघडलं, आणि २१ एप्रिलला, ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, ते गेले. आता ६ जानेवारीला ते दार नवे पोप लिओ बंद करतील. आमच्याकडे धर्मप्रांतातला समारोप उद्याच, रविवारी आहे. बायबलच्या जुन्या करारात हे वर्ष दर पन्नास वर्षांनी पाळायला सांगितलंय. त्या वर्षी विकली गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ घराण्याकडे परत जायची, कर्जापायी राबणारा माणूस मोकळा व्हायचा आणि शेतालाही विसावा मिळायचा. नाताळाआधीच्या आगमनकाळात एका रविवारी फादर प्रवचनात म्हणाले, हे जुनी देणी मिटवायचं वर्ष आहे. मी बाकावर बसून मनातल्या मनात हिशेब केला, तर माझं सगळं उलटंच निघालं. आयुष्यात एवढी देणी कुठल्याच वर्षी झाली नव्हती.

सुरुवात ऑगस्टपासून करतो. त्याआधीचं वर्ष तसं नेहमीचंच. पाऊस २६ मेलाच मुंबईत येऊन ठेपला. बायकांची सुकत घातलेली मासळी भिजली, आंबा अर्धा झाडावरच राहिला, आणि सगळ्यांनी हवामानाच्या नावाने बोटं मोडली. मग १९ ऑगस्ट. त्या दोन-तीन दिवसांत वसई-नालासोपाऱ्यात काय पाणी भरलं होतं ते तू टीव्हीवर पाहिलंस. (यावर एक सांगतो आणि पुढे जातो. आमच्या लहानपणी या गावांत जागोजागी बावखलं, म्हणजे छोटी तळी होती. पावसाचं पाणी त्यांत उतरायचं, तिथून विहिरींना मिळायचं. बरीचशी बुजवली, त्यांवर इमारती उभ्या केल्या, आणि आता पाणी घरात शिरलं की आपण आभाळाकडे बघतो. फादर दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत हेच कानीकपाळी ओरडत होते. त्यांना जाऊन जुलैमध्ये वर्ष झालं. पाऊस लागला की हमखास त्यांची आठवण येते.)

तर त्या सकाळी आई मागच्या पडवीत शेवाळावरून घसरली. उठताच येईना. खुब्याचं हाड मोडलंय हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पण तिच्या चेहऱ्यावरून आम्हाला तेव्हाच कळलं होतं. रस्त्यावर गुडघ्याच्या वर पाणी. रिक्षा नाही, अँब्युलन्सवाला म्हणतो गाडी नाक्यापर्यंतच येईल. मी फोनवर फोन लावत होतो, आणि तेवढ्यात इनासकाकांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट दारात. त्यांना कुणी बोलावलं होतं, अजून कळलेलं नाही. त्यांच्या दोन्ही मुलांनी आमच्या मधल्या खोलीचं दार बिजागरीवरून काढलं, त्यावर गादी टाकली, आईला दारासकट उचललं आणि ट्रॉलीत ठेवलं. वरून ताडपत्री. चारही कोपरे चार जणांनी धरले. त्यातला एक पोरगा मी तोवर पाहिलेलाही नव्हता. समोरच्या चाळीत भाड्याने राहतो आणि कुठल्याशा कंपनीत रात्रपाळी करतो. रात्रपाळीवरून घरी परतताना तो पाण्यात उतरला आणि ताडपत्रीचं टोक धरून थेट दवाखान्यापर्यंत आला. बाबा आईच्या उशाशी बसून रोझरी म्हणत होते. आई मधूनच डोळे उघडून म्हणायची, ‘दार भिजतंय रे, फुगेल.’ दार फुगलंच. आजही नीट लागत नाही आणि मी ते मुद्दाम रंधून घेतलेलं नाही.

दवाखान्याचं फार लिहीत नाही, तुला सगळं ठाऊक आहे. ऑपरेशन, रक्ताच्या बाटल्या, विम्याच्या कागदांची धावपळ. कोट्टायमची एक सिस्टर तेवढी नमूद करतो. ती आईला ‘अम्मा’ म्हणायची. पहिल्यांदा उभं करताना आई घाबरून तिच्या गळ्यात पडली, तेव्हा ती मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, ‘अम्मा, मी पडेल, तुम्ही नाय पडेल.’ हे वाक्य आता आमच्या घरात कायमचं मुक्कामाला आलंय.

पण मला सांगायचंय ते आमच्या सोनचाफ्याच्या वाडीचं. तारीख पाहिलीस ना? १९ ऑगस्ट. गणपती २७ला. म्हणजे चाफ्याच्या कमाईचे ऐन दिवस. आमच्यासारख्या घरांचा नाताळ साजरा होतो तो निम्मा गणपतीच्या जिवावर, हे बाहेरच्यांना सांगितलं तर गंमत वाटते. सोनचाफा दिवस उजाडल्यावर तोडून चालत नाही. पूर्ण उमललेलं फूल दादरला पोचेपर्यंत मऊ पडतं. कळी नुकती सुटू लागलेली असताना, काळोखातच, कपाळाला बॅटरी बांधून तोडायची, शेकड्याने मोजून बांधायची आणि पहाटेच्या विरार लोकलच्या लगेजच्या डब्यातून दादरच्या फूलबाजारात पोचवायची. हे एक दिवस चुकलं तर ते फूल वाया गेलं. बाबा दवाखान्यात, मी दवाखान्यात, बायको मुलांची शाळा आणि डबे यांत अडकलेली. मी वाडी मनातून सोडून दिली होती. यंदाचा हंगाम गेला म्हणून स्वतःची समजूतही घातली होती.

आई घरी आल्यावर आठवड्याभराने इनासकाकांची सून आली. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. उघडला तर आत दादरच्या व्यापाऱ्याच्या विक्रीच्या पट्ट्या, तारखेप्रमाणे लावून रबर घातलेल्या. खाली नोटा आणि वर वहीचं एक पान. पेन्सिलीने रकाने आखलेले: तारीख, शेकडे, भाव, गाडीभाडं, हमाली, मजुरी. लोकल बंद होत्या ते दिवस सोडून सगळ्या तारखांची नोंद. गणपतीच्या आदल्या दिवशीच्या भावाखाली तिने दोन रेघा मारल्या होत्या. गाडीभाडं कापलेलं, हमाली कापलेली. मजुरीचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा.

मी म्हटलं, वहिनी, हे काय? ती म्हणाली, ‘रकाना तुमच्या बाबांच्या वहीत असतो ना, म्हणून आखला.’ आणि चहासुद्धा न घेता निघून गेली. त्यांची स्वतःची वाडी आहे, अव्या. स्वतःचा चाफा तोडून, मग आमचा. झोपत कधी होते हे मी विचारलंही नाही, कारण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती.

मी पैसे घेऊन गेलो होतो त्यांच्याकडे. काकांनी पाकीट हातातही घेतलं नाही. ‘तुझ्या आजोबांनी आमच्या विहिरीवर रहाट बसवून दिला होता, तेव्हा काय पावती फाडली होती?’ एवढंच म्हणाले आणि भेंडीवर पडलेल्या रोगाबद्दल बोलायला लागले. सत्कार समारंभात लोक ‘मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो’ म्हणतात ना, मला ते ऐकून नेहमी हसू यायचं. वाटायचं, फुकटात सुटायची बरी युक्ती आहे. अजूनही भाषणातलं ते वाक्य मला पटत नाही. ऋणात राहायचं तर निदान कुणाचं, किती आणि कशाचं हे लिहून तरी ठेवावं. म्हणून मी ते पान बाबांच्या वहीत चिकटवलंय.

नेमकं याच कारणासाठी मला जेमिमा रॉड्रिग्ज आवडली. महिला विश्वचषकाची ३० ऑक्टोबरची ती सेमीफायनल तू पाहिलीच असशील. डी. वाय. पाटील स्टेडियम, समोर ऑस्ट्रेलिया, ३३९चं लक्ष्य, आणि पोरीने नाबाद १२७ केल्या. आमच्याकडे आई वॉकर बाजूला ठेवून खुर्चीत बसली होती. क्रिकेट तिला कळत नाही, तिचं मधूनमधून एवढंच चाललं होतं, ‘किती घामेजलीय, पाणी द्या रे तिला कुणीतरी.’ जिंकल्यावर ती मुलगी माइकसमोर रडली आणि तिने आधी येशूचे, मग आईचे, वडिलांचे, कोचचे आभार मानले. एकेकाचा वेगळा उल्लेख करून. नुसतं ‘सर्वांचे आभार’ म्हणून भागवलं नाही. आमची आईही रडली, आणि तिला रडताना पाहून बाबा उठून बाहेर गेले.

आता बाबांचं, म्हणजे तुझं.

तू विचारत होतास की नाही ठाऊक नाही, पण आई घरी आल्यावर बाबा गप्प झाले होते. म्हणजे अगदीच. ओट्यावर बसायचे. वाडीत पाऊल टाकायचं नाव नाही. गडी लावला होता, तो काय करतो ते पाहायचंही नाही. पन्नास वर्षं तिच्यासोबत काळोखात फुलं तोडली होती, आता ती चालू शकत नाही म्हटल्यावर त्यांनाही उठवत नव्हतं. मी समजावलं, फादर येऊन गेले, बहीण रागावून गेली. काही फरक नाही. आणि तू रोज रात्री फोन करायचास. मला नाही, त्यांना. माझ्या बायकोच्या मोबाईलवर, स्पीकर लावून. काय बोलायचास तर, ‘काका, आज चाफा काय भावाने गेला?’

पहिल्या रात्री बाबा म्हणाले, ठाऊक नाही. दुसऱ्या रात्री तू पुन्हा तेच विचारलंस. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पाहिलं, संध्याकाळी ते गड्याला हाक मारून पट्टी मागतायत. मग पट्टीवरचा भाव त्यांना कमी वाटला, म्हणून फुलं कशी बांधतात ते पाहायला उठले. बांधणी पाहिली तर तोडणी उशिरा होत होती. झालं! ते गड्याला ओरडले. तो आवाज ऐकून आई आतून मला म्हणाली, ‘बरे झाले वाटतं.’ दुसऱ्या दिवशी अडीचला कपाळाला बॅटरी बांधून बाबा वाडीत.

तू हे मुद्दाम करत होतास, की तुला खरंच नागपुरात बसून वसईच्या चाफ्याचा भाव हवा होता? मी बऱ्याचदा विचार केला. कॉलेजात असताना तुला चाफा आणि अनंत यांतला फरक कळत नव्हता, म्हणून मला संशय आहे. पण तू उत्तर देऊ नकोस, देशील तर ‘बरं ते सोड’ असंच देशील. मला एवढंच लिहून ठेवायचं होतं, की माझे बाबा उठले ते तुझ्या त्या प्रश्नामुळे. वहीत इनासकाकांच्या पानाच्या मागच्या बाजूला तुझं नाव लिहिलंय. मजुरी कोरी आहे.

नाताळ छान झाला. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा यंदा मुलांनीच केला. ताटलीत नाचणी पेरून हिरवं गवत उगवलं होतं, पेंढा इनासकाकांकडचा. मुलीने गोठ्यात एक ट्रॅक्टर उभा केलाय, खेळण्यातला. बेथलेहेमात ट्रॅक्टर कुठला, असं मी म्हणालो, तर म्हणे, ‘आजीला आणायला लागला असता तर?’ मग राहू दिला. आईला अजून जमिनीवर बसता येत नाही, म्हणून टेबलाशी खुर्चीत बसून तिने कुलकुल वळली. कोऱ्या फणीवर पिठाची गोळी दाबायची आणि अंगठ्याने पुढे लोटत गुंडाळी करायची. तिच्या कुलकुलांच्या रेघा अजूनही माझ्या बायकोच्या रेघांपेक्षा सुबक येतात, आणि हे तिने दिवसभरात सगळ्यांना ऐकवलं. रात्रीच्या मिस्साला ती चर्चच्या पटांगणात शेवटच्या रांगेत बसली. रात्रपाळीवाला पोरगा तिच्याशेजारी होता. तो ख्रिस्ती नाही, कधी उठायचं कधी बसायचं ते आई त्याला कोपराने सांगत होती. स्वतः मात्र उठत नव्हती.

सगळंच काही गोड नाही. आईचा पाय थंडीत रात्री दुखतो. हंगाम वाचला तरी दवाखान्याचं बिल पुढच्या मेपर्यंत पुरणार आहे. धाकट्याची नोकरी सुटलीय, ते तुला फोनवर सांगेन. पण हे सगळं धरूनही वर्षाची बेरीज केली तर मी जमेच्या बाजूला आहे.

सोबत डबा पाठवतोय. वर कुलकुल, मधे करंज्या, तळाला आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. आमचा गाववाला सोमवारी नागपूरला निघतोय, त्याच्या हाती देतो. सुकेळी दाबून ठेवू नकोस, आणि मुलांना पहिल्याच दिवशी सगळी देऊ नकोस. जानेवारीत बँकेच्या कामाला मुंबईला येणार म्हणाला होतास, तेव्हा हॉटेलात उतरलास तर याद राख. मधल्या खोलीचं दार लागत नाही, तेवढं चालवून घे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
विल्सन

ता. क. बाबांचा निरोप: थंडीत फूल कमी आहे, भाव चढलाय, आणि दोन दिवस झाले तुझा फोन नाही.