स्क्रूची खाच आणि दुरुस्तीचा हक्क

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

घरातील मिक्सर, रेडिओ, कॅमेरा किंवा रक्तदाब मोजण्याचे यंत्र हातात घेऊन लोक येतात आणि ‘स्क्रूचे आटे गेले’ असे सांगतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील उपकरणे दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतरही शेजारीपाजारी अशी कामे आणून देतात, त्यामुळे अनुभवाने सांगतो की बहुतेक वेळा आटे शाबूत असतात. गेलेली असते ती डोक्यावरची खाच. हा शब्दच्छल नव्हे. आटे गेले असतील तर स्क्रू नुसता जागच्या जागी गरगर फिरतो आणि त्याला कडेने उचलून धरत बाहेर काढावा लागतो. खाच गेली असेल तर स्क्रू जागचा हलत नाही, फिरतो तो फक्त हातातला स्क्रू ड्रायव्हर. हे दुसऱ्या प्रकारचे नुकसान जवळजवळ नेहमी उघडणाऱ्याच्याच हातून होते. तरीही त्याचा सगळा दोष त्याच्या माथी मारता येत नाही, आणि तेवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

आमच्या सोसायटीतील एक गृहस्थ मध्यंतरी वडिलांचा जुना जपानी फिल्म कॅमेरा घेऊन आले. तळाच्या पत्र्याचे चार स्क्रू, त्यांतले तीन त्यांनी काढलेले. चौथ्याची फुली झिजून तिची वाटी झालेली. आधी सुरीचे टोक आणि मग रस्त्यावर घेतलेल्या संचातला स्क्रू ड्रायव्हर, अशी दोन्ही हत्यारे त्यांनी त्याच्यावर चालवली होती. नुसत्या डोळ्यांना ती खाच आपल्या नेहमीच्या ‘स्टार’ स्क्रूसारखीच दिसते. परंतु जपानी मानकाची फुली आणि ही नेहमीची ‘स्टार’, म्हणजे फिलिप्स फुली, यांच्या कोनांत आणि कडांच्या गोलाईत थोडा फरक असतो; फिलिप्सचे टोक जपानी खाचेत तळापर्यंत बसत नाही, वरवर टेकते, आणि जरा जोर लावला की कडा खरवडत बाहेर येते. अनेक जपानी स्क्रूंच्या डोक्यावर ओळखीसाठी एक बारीक टिंब असते आणि मोटारसायकलच्या कार्ब्युरेटरवर ते सापडतेही. पण कॅमेऱ्यातल्या दीड-दोन मिलिमीटरच्या स्क्रूवर ते सहसा नसते. मग सामान्य माणसाने ओळखायचे कसे?

मुळात फिलिप्स खाचेचा इतिहासच बोलका आहे. अमेरिकेतील पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्स यांनी १९३० च्या दशकात ती प्रचारात आणली आणि मोटारींच्या कारखान्यांनी ती उचलली, कारण यंत्राने स्क्रू बसवताना तिच्यात टोक आपोआप मधोमध बसते. तिच्या भिंती मात्र उतरत्या असतात, त्यामुळे पीळ वाढला की टोक वर ढकलले जाते. जोडणाऱ्याची सोय झाली. वीस वर्षांनी गंजलेला स्क्रू कोणी उघडील, हा विचार त्या उतारात नाही.

त्या कॅमेऱ्याचे काय केले ते थोडे सविस्तर सांगतो, कारण घरी चुका होतात त्या नेमक्या या टप्प्यावर. पहिले काम म्हणजे थांबणे. एकदा घसरल्यावर त्याच हत्याराने दुसऱ्यांदा जोर लावला की उरलेल्या कडाही जातात. भिंग लावून सुईने खाचेच्या तळाशी दाबून बसलेला धातूचा भुगा आणि मळ उकरून काढला, तेव्हा वाटीच्या तळाशी फुलीचा थोडासा अंश अजून शिल्लक दिसला. असे बारीक स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून पुष्कळदा आट्यांवर लाखेसारखा थर दिलेला असतो. त्यासाठी टाचणीच्या टोकाने ॲसिटोनचा एक थेंब डोक्याच्या कडेला सोडला. जवळपास प्लास्टिक असते तर हे केले नसते, कारण ॲसिटोन प्लास्टिक विरघळवतो. मग सोल्डरिंग आयर्नचे टोक अर्धा मिनिट स्क्रूवर टेकवले आणि निवू दिले. उष्णतेने थर मऊ होतो आणि स्क्रू फुगून पुन्हा आकसताना त्याची पकड सुटते. (मोबाइलमध्ये, बॅटरी काढल्याशिवाय, हा उद्योग कोणीही करू नये.) शेवटी योग्य मापाच्या जपानी टोकाला गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती ग्राइंडिंग पेस्ट कणभर लावली, कारण तिच्यातले खरखरीत कण घसरणाऱ्या धातूला धरतात. दाब तीन वाटे आणि पीळ एक वाटा, हे प्रमाण हाताला लागले पाहिजे. आधी केसभर आवळण्याच्या दिशेने आणि मग उलटा फिरवला, तेव्हा ‘कट्’ असा बारीक आवाज आला. तो आवाज ऐकला की पुढचे काम स्क्रू स्वतःच करतो.

खाचेत रबर बँड ठेवून फिरवण्याची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. दाराच्या बिजागरीच्या स्क्रूला ती कधीकधी लागू पडते. दोन मिलिमीटरच्या स्क्रूत रबर फक्त चिरडते आणि खाच आणखी बुजवते. चटकन चिकटणारा डिंक ओतून स्क्रू ड्रायव्हरच चिकटवण्याचा सल्लाही दिला जातो. डिंक डोक्याखाली झिरपला तर निघू शकणारा स्क्रूही कायमचा बसतो, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही. डोके वर आलेले असेल तर नोकदार पक्कडीने त्याला कडेने धरावे, नाहीतर बारीक करवतीने नवी आडवी खाच पाडावी. धातूचा कीस सर्किटवर पडू नये म्हणून भोवती चिकटपट्टी लावलेली असावी, एवढेच.

डोके पूर्ण तुटून दांडा आतच राहिला तर घड्याळजींची एक जुनी रीत आहे, आणि ती मला सगळ्यांत आवडते. एचएमटीच्या चावीच्या घड्याळाची मुख्य पट्टी पितळेची आणि स्क्रू पोलादाचा. सगळे पोलादी भाग काढून ती पट्टी तुरटीच्या कोमट, दाट पाण्यात बुडवून ठेवायची. तीच तुरटी, जी गढूळ पाण्यात फिरवतात आणि दाढीनंतर गालाला लावतात. पोलाद हळूहळू विरघळून जाते, पितळ तसेच राहते. कधी काही तास लागतात, कधी दोन-तीन दिवस. पाणी मधूनमधून बदलावे लागते. घाई असेल त्याने हा मार्ग धरू नये, आणि एखादा पोलादी भाग चुकून आत राहिला तर तोही गेलाच समजावा.

परंतु हे सगळे उपाय अपघात झाल्यानंतरचे आहेत. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, २४ डिसेंबर २०२२ रोजी त्यासाठी संकेतस्थळ सुरू झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाचा, म्हणजे वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणाऱ्या गुणांचा, आराखडा ठरवण्यासाठी आणखी एक समिती स्थापन झाली. तिने सुचवलेल्या निकषांत सुट्या भागांच्या उपलब्धतेबरोबर लागणारी हत्यारे आणि स्क्रूंचे प्रकार यांचाही समावेश आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच अशा वस्तूंवर दहापैकी गुण छापणे बंधनकारक झाले आणि त्यातही वस्तू उघडणे किती सोपे आहे, याला गुण होते.

आपल्याकडे मात्र सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून करण्याचे सुचवले आहे. घरोघरी ज्यांचे स्क्रू खरोखर उघडावे लागतात ते मिक्सर, पंखे, इस्त्र्या आणि वजनकाटे त्यात नाहीत. शिवाय सगळ्याच अनोळखी खाचांना एका मापाने मोजणे चुकीचे ठरेल. सहा टोकांची टॉर्क्स खाच अनोळखी वाटली तरी सरळ भिंतींमुळे ती फुलीपेक्षा फारच कमी घसरते आणि तिची हत्यारे बाजारात मिळतात. तिला गुण मिळावेत. तीन पाकळ्यांचे किंवा आयफोनच्या तळाशी असतात तसे पाच पाकळ्यांचे स्क्रू वापरायचे असतील, तर लागणारे हत्यार वस्तूच्या खोक्यातच द्यावे.

माझी संबंधितांना विनंती एवढीच आहे की स्क्रू कोणत्या प्रकारचा आणि कोणत्या मापाचा आहे, हे निर्मात्याने वस्तूवरच छापणे बंधनकारक करावे. माहितीपुस्तिकेत नको, कारण ती पहिल्याच आठवड्यात हरवते. बॅटरीच्या झाकणाखाली अधिक आणि उणे ही चिन्हे छापायला जागा मिळते. तिथेच शेजारी स्क्रू ड्रायव्हरचा क्रमांक मावेल.

आपला,
एक निवृत्त उपकरण-तंत्रज्ञ, पुणे